बर्फफोडी की बर्फसह?

आर्क्टिकमधल्या 'आइस-स्ट्रेंग्थन्ड पेट्रोल व्हेसल'ला, म्हणजे बर्फात टिकेल अशी मजबूत बांधलेल्या गस्तीच्या जहाजाला, मराठीत 'बर्फफोडी गस्तीनौका' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आला आहे. मी तरी म्हणणार नाही.

बर्फफोडी म्हणजे आइसब्रेकर. इतर जहाजांना वाट करून देणं हेच तिचं काम. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तिरपी असते. ती बर्फावर चढते आणि स्वतःच्या वजनाने तो मोडते. (त्यामुळे 'बर्फकाप्या' तर मुळीच नको.) गस्तीनौकेचं काम पहाऱ्याचं. बर्फ आडवा आला तर तिने टिकावं, जमेल तेवढा फोडत पुढे जावं, इतकंच. त्यासाठी पाण्याच्या रेषेपाशी जाड पोलादाचा पट्टा आणि आत एकमेकींच्या जवळ बसवलेल्या फासळ्या असतात.

कॅनडात याच फरकावरून राजकारण झालं. स्टीफन हार्पर यांनी २००५च्या अखेरीस प्रचारात तीन अवजड सशस्त्र बर्फफोड्या नौकांचं आश्वासन दिलं. २००७मध्ये पंतप्रधान म्हणून जाहीर केल्या त्या सहा ते आठ गस्तीनौका. टीकाकारांनी त्यांना 'स्लशब्रेकर' म्हणून हिणवलं. स्लश म्हणजे अर्धवट वितळलेला, भुसभुशीत बर्फ. मराठीत 'चुराफोडी' म्हणू, बर्फाच्या गोळ्यातला चुरा! पण टोमणा जरा अन्यायाचाच. यातली पहिली 'हॅरी डीवुल्फ' २०२१मध्ये नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १०३ मीटर, एक मीटर जाडीच्या नव्या, म्हणजे त्याच हिवाळ्यात गोठलेल्या, बर्फातून जाईल अशी बांधणी. त्याच वर्षी ती कॅनडाच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक समुद्रातून जाणाऱ्या वायव्य मार्गाने उत्तर अमेरिकेला वळसा घालून आली. तिचा आराखडा ज्या 'स्वालबार्ड' या नॉर्वेजियन गस्तीनौकेवरून घेतला, ती तर २०१९मध्ये उत्तर ध्रुवावर पोहोचली होती.

मग शब्द कोणता? 'बर्फरोधक' मला पटत नाही. जलरोधक कापड पाणी आत येऊ देत नाही. इथे कुणाला अडवायचं नाही, मार सोसायचा आहे. भट्टीच्या विटांना आपण 'उच्चतापसह' (खूप ताप सोसणाऱ्या) म्हणतो, त्याच चालीवर 'बर्फसह गस्तीनौका' म्हणावं. 'हिमसह' नको. हिमनग, हिमनदीत 'हिम' चालतं खरं, पण हिमवृष्टी, हिमपात यांमुळे ते आभाळातून पडणारंच वाटतं. गंमत अशी, की 'बर्फ' ज्या फारसीतून आला तिथे त्याचा अर्थ आभाळातून पडणारा हिमच. गोठलेल्या पाण्याला तिथे 'यख' म्हणतात.

'नौका' लहान वाटते, ही शंका मात्र सोडा. विक्रांतलाही आपण विमानवाहू नौकाच म्हणतो.