सामाजिक प्रश्नावरचा लघुप्रबंधाचा विषय बारीक कसा करावा?

'तरुणांमधील व्यसनाधीनता' हा एम.ए.चा विषय गाइडनी फार मोठा म्हणून परत केला, तो लहान कसा करायचा, आणि त्यासाठी विश्वकोश, गॅझेटिअर (म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) वाचलेलं चालतं का, असं तुम्ही विचारलंय. दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही. चालतं काय, आधी तेच वाचायचं असतं.

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शिरोळकडची एक पोरगी 'महाराष्ट्रातील विधवांच्या समस्या: एक समाजशास्त्रीय अभ्यास' असलं शीर्षक घेऊन आली. कपाटभर पुस्तकं दिली असती तरी तिला काही सुधरलं नसतं. मी विश्वकोशाचा खंड, जिल्ह्याचं गॅझेटिअर आणि वर्तमानपत्रांची कात्रणं पुढ्यात ठेवली. म्हटलं, उतरवत बसू नकोस, नुसती सालं आणि कायदे टिप.

दुपारपर्यंत वहीत जमलं ते असं. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात पुनर्विवाहाला दिलेली कायदेशीर मान्यता. १९५६ चा हिंदू वारसा कायदा. आणि मे २०२२ मध्ये तिच्याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं केलेला ठराव: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हे करायला सांगितलं.

वही बघता बघता तीच म्हणाली, "मॅडम, १८५६ च्या कायद्यात मेख आहे. दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला." बरोबर. पुढं १९५६ च्या कायद्यानं बायकोला मुलांच्या बरोबरीनं वारस धरलं. हेरवाडचा ठराव प्रथांबद्दलचा, जमिनीबद्दलचा नव्हे. जरा थांबून पोरगी म्हणाली, "माझ्या काकूचं नाव अजून सातबाऱ्यावर लागलेलं नाही. काका जाऊन किती वर्षं झाली." झाला की विषय! असा ठराव केलेलं एक गाव, तलाठ्याकडच्या वारसनोंदी, आणि बायकोचं नाव लागायला नेमकं कुठं अडतं हे विचारायला मोजक्या बायका.

दुसऱ्या दिवशी तिचे गाइड तरातरा आले. "विश्वकोश शाळकरी पोरांसाठी असतो. तुम्ही पुस्तकं द्यायची, विषय द्यायचे नाहीत." तेही पोरीसमोर. अहो, मी विषय दिलाच नव्हता, तो तिच्या घरातनं आला होता! या सरांच्या हाताखालून गेलेले 'समस्या व उपाय' छापाचे लघुप्रबंध माझ्याच कपाटात आहेत. पहिल्या प्रकरणात समाज म्हणजे काय, मग शंभर प्रश्नावल्या, टक्केवारीचे तक्ते, आणि शेवटी 'जनजागृती होणे गरजेचे आहे'. एकाची पानं दुसऱ्यात घातली तर सरांना स्वतःलाही पत्ता लागणार नाही. शाळकरी काम कोणतं, ते त्यांनी एकदा कपाट उघडून बघावं.

अशा वाचनातनं सालं कळतात, कॅटलॉगमध्ये कोणत्या शब्दानं शोधायचं ते कळतं, आणि मुख्य म्हणजे कुठं सगळेच गप्प बसलेत ते दिसतं. तिथं बोट ठेवायचं.

आता, संदर्भसूचीत विश्वकोशावर भिस्त ठेवू नका. नोंदी जुन्या असतात, त्यात हेरवाड कुठून येणार? म्हणून तर कात्रणं. नोंदीखाली संदर्भग्रंथ दिलेले असतात, खरी पुस्तकं तिथनं धरायची. मराठी विकिपीडियाही चालेल, साल मात्र दुसरीकडं ताडून घ्या. आणि गाइडशी भांडू नका, सही त्यांचीच लागते. मी भांडले कारण मला मार्क नको होते.

तुमच्या विषयाचं म्हणाल तर २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली, टपरीवर सुपारी-तंबाखूचा मावा घोळणं काही थांबलं नाही. २००३ च्या तंबाखू कायद्यानं शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला बंदी आहे. एका कॉलेजच्या भोवतीच्या टपऱ्या घ्या, पुष्कळ झालं. गावातल्या बायकांनी मतदानानं बाटली आडवी केली, त्यानंतर काय झालं हाही विषय होतो, पण तो वेगळा. दारू घ्यायची की तंबाखू, तेवढं आधी ठरवा. दोन्ही घेतलंत तर परत 'फार मोठा' म्हणून येईल.