पोस्टिंगमध्ये नापास झाली, पण काळजी वेगळीच आहे

नमस्कार, डोंबिवलीहून आलेलं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला, सर्जरीच्या पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात शिकायच्या पाळीला, तिची हजेरी कमी पडली, पाळी संपतानाच्या परीक्षेत, वॉर्ड एंडिंगला, नापास झाली, पोस्टिंग पुन्हा करावं लागेल असं सर्जरीच्या युनिटमधल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आता ती दोन महिने सुट्टी मागतेय. तुम्ही विचारलंय की ओळखीच्या डॉक्टरकडून टायफॉइडचं सर्टिफिकेट घेऊन हजेरी भरून काढता येईल का, आणि नातेवाईकांना काय सांगायचं.

पण पत्राच्या मध्यावर तुम्ही एक गोष्ट तक्रार म्हणून लिहिलीये. ती रोज सकाळी डबा घेऊन, एप्रन बॅगेत टाकून निघायची, आणि शेजारच्यांनी तिला दादरला प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसलेलं बघितलं, एकदा नाही तर बऱ्याचदा, आणि तुम्ही लिहिता "आम्हाला फसवलं." अहो, जी पोरगी घरातून वेळेवर निघते, गर्दीच्या लोकलमधून दादरपर्यंत येते आणि तिथून पुढे पाय उचलत नाही, ती फसवत नाहीये, तिला वॉर्डात जायची भीती बसलीये. रात्री झोपत नाही, जेवत नाही हेही तुम्हीच लिहिलंय. डॉक्टरांच्या वॉर्डातल्या राऊंडला सगळ्यांसमोर तिला काही बोललं गेलं का, एखादा पेशंट डोळ्यांसमोर गेला का, की तिला हे शिक्षणच नको झालंय, मला माहीत नाही, पण तुमच्या पत्रात हे तिला विचारल्याचं कुठेच दिसत नाही. मार्क आहेत, फी आहे, आत्या काय म्हणेल ते आहे, तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. मला सगळ्यात जास्त तेच खुपलं.

दुसरं, "एकदा सुट्टी घेतली की डॉक्टर होणं संपलं, डिग्रीवर शेरा येतो" हा समज डोक्यातून काढा. वॉर्ड एंडिंगचा निकाल कॉलेजच्या इंटर्नल असेसमेंटमध्ये, म्हणजे अंतर्गत गुणांत, जातो, डिग्रीवर छापत नाहीत. किती प्रयत्नांत पास झाली हे दाखवणाऱ्या अटेम्प्ट सर्टिफिकेटवर येतात ते युनिव्हर्सिटी परीक्षेचे अटेम्प्ट. जे मागे पडले त्यांच्यासाठी रिमेडियलची, म्हणजे मागे पडलेलं भरून काढायची, सोय एनएमसीच्या, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या, नियमातच आहे. साडेचार वर्षांचा कोर्स, आणि तो पुरा करायला प्रवेशापासून 9 वर्षांची मुदत असते. हां, क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या शिकण्याला, 80 टक्के हजेरी लागतेच, त्यामुळे सुट्टी घेतली तर बुडालेलं भरून काढावं लागेल आणि कदाचित परीक्षा पुढच्या खेपेला जाईल, म्हणजे सहा महिने-वर्ष मागे. जाऊ दे. उलट आत्ता रेटत नेलं आणि कोर्सनंतरच्या वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये कोसळली तर जास्त अवघड, कारण तिथे अख्ख्या वर्षात साधी रजा 15 दिवसांची, त्यापुढे बुडालं तर तेवढं पोस्टिंग परत करा, आणि इंटर्नशिप लांबली की नीट पीजीची, म्हणजे पुढच्या स्पेशलायझेशनच्या प्रवेश परीक्षेची, कटऑफ तारीख हुकू शकते.

सर्टिफिकेटबद्दल स्पष्ट सांगते, करू नका. खोटं सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून काढता येतं, हे डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत आहे. उद्या स्वतः सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या मुलीला तुम्ही आज हे शिकवणार का? आणि टायफॉइड लिहिलात की खऱ्या त्रासावर उपचार राहूनच जातील. तिला आधी सायकिअॅट्रिस्टला दाखवा, तिच्याच कॉलेजमध्ये नको वाटत असेल तर बाहेर. त्यांना गरज वाटली तर त्यांचंच खरं सर्टिफिकेट जोडून रजेचा अर्ज करा. तोपर्यंत कधी रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, चोवीस तास चालतो, नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. आणि जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा तिच्या तोंडून आली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तिला एकटं न ठेवता सरळ हॉस्पिटलला न्या.

नीट पीजी, कुठली ब्रँच, क्लास कधी लावायचा, हे पत्राच्या शेवटी विचारलंत, ते आत्ता बाजूला ठेवा. आधी तिच्या मेंटॉर टीचरला भेटा, मग विभागप्रमुखांना (एचओडी), लागलं तर कॉलेजच्या डीनना. बरोबर जा, पण बोलू द्या तिला. आणि जायच्या आधी घरी बसून तिला विचारा, तुला परत जायचंय का. ती नाही म्हणाली तरी ऐकून घ्यायची तयारी असेल तरच विचारा.