बॉनेटच्या आतले अस्तर काढावे का?

प्रश्न : माझ्याकडे दोन सीटची, काही वर्षे वापरलेली स्पोर्ट्स कार आहे. चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन पुढच्या बॉनेटखाली आहे. गाडी एरवी रस्त्यावर चालते आणि अधूनमधून मी ती ट्रॅकवर नेतो. बॉनेटच्या आतल्या बाजूला जाड, काळे अस्तर क्लिपांनी बसवलेले आहे. ते काढल्यास वजन घटते, इंजिन थंड राहते आणि आवाज मोकळा होतो, असे ट्रॅकवरचे मित्र सांगतात. अस्तर काढावे का? काढल्यास बॉनेटच्या रंगाला धोका पोहोचेल का?

उत्तर : अस्तर सुस्थितीत असेल आणि गाडी मुख्यतः रस्त्यावर चालत असेल, तर ते काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मित्रांनी सांगितलेल्या तीन फायद्यांपैकी पहिला नगण्य आहे, दुसरा बराचसा गैरसमजातून आलेला आहे आणि तिसरा आपल्याला हवा आहे त्या स्वरूपात मिळणारच नाही.

वजनाचा मुद्दा लवकर संपतो. असे अस्तर साधारण एक ते दोन किलोचे असते. ते दीड किलोचे धरले, तर टाकीतले दोन लिटर पेट्रोल कमी केल्याने तेवढेच वजन घटते, आणि चौदाशे किलोच्या गाडीत हा फरक सुमारे एक दशांश टक्का भरतो. पुढच्या बाजूचे वजन खरोखर कमी करायचे असेल, तर जड लेड-ॲसिड बॅटरीच्या जागी गाडीला योग्य अशी हलकी लिथियम बॅटरी बसवल्याने कितीतरी अधिक किलो वाचतात.

थंडाव्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. चालू इंजिनाचे तापमान कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव), रेडिएटर आणि थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट करून देणारी झडप) यांच्या ताब्यात असते. बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट ८५ ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो आणि बॉनेटला आतून अस्तर आहे की नाही याने त्यात काहीही बदल होत नाही. गाडी वेगात असताना रेडिएटरमधून आत आलेली गरम हवा मुख्यतः खालच्या बाजूने आणि चाकांच्या कमानींतून बाहेर पडते; पत्र्यातून वर जाणारी उष्णता त्या मानाने थोडी असते. मित्रांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते इंजिन बंद केल्यानंतरच्या काळापुरते. तेव्हा हवेचा प्रवाह थांबतो, टर्बो (एक्झॉस्टच्या वायूंवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधले जळालेले वायू गोळा करणारा नळ्यांचा भाग) मात्र तापलेलेच असतात आणि बॉनेटखालची हवा काही मिनिटे चालत्या गाडीपेक्षाही अधिक तापते. अस्तर नसेल तर यातली काही उष्णता पत्र्यातून लवकर निघून जाते, पण ती जाते त्या पत्र्याच्या रंगातूनच.

ट्रॅकवर तापमान खरोखर वाढत असेल, तर त्याचे उपाय वेगळे आहेत. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा काढावा, रेडिएटरच्या कडेने हवा निसटू नये म्हणून दिलेल्या पट्ट्या जागेवर आहेत का ते पाहावे, टर्बोवरचे उष्णतारोधक कवच शाबूत ठेवावे आणि ट्रॅकवरून परतताना शेवटची फेरी सावकाश घ्यावी. बॉनेटची मागची कड वर उचलून ठेवण्याची पद्धतही अनेकजण अवलंबतात. परंतु पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो आणि वेगात तिथून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवाच आत ढकलली जाऊ शकते. गरम हवा बाहेर सोडण्यासाठी बॉनेटला झडपा पाडायच्याच असतील, तर त्या दाब कमी असणाऱ्या पुढच्या-मधल्या भागात असाव्यात आणि अस्तर केवळ तेवढ्याच जागी कापावे.

आता आवाज. हे अस्तर सच्छिद्र असते. ध्वनिलहरी त्याच्या तंतूंमध्ये शिरल्या की हवेच्या घर्षणाने त्यांची ऊर्जा खर्च होते, आणि लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांशाइतकी जाडी असेल तेव्हा हे काम उत्तम होते. दोन सेंटिमीटर जाडीचे अस्तर त्यामुळे सुमारे ४००० हर्ट्झच्या आणि त्यावरच्या तीक्ष्ण आवाजांना चांगले आवरते. आपले इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा त्याचा स्फोटांचा मूळ स्वर १०० हर्ट्झचा असतो. त्याची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते आणि तिला हे अस्तर जाणवतही नाही. म्हणजे स्पोर्ट्स कारच्या ज्या घनगंभीर आवाजासाठी माणूस जीव टाकतो, त्याला अस्तराने मुळी अडवलेलेच नाही. अस्तर काढल्यावर वाढते ती इंजेक्टरची टकटक, इंजिनातल्या व्हॉल्व्हची खडखड आणि फिरत्या पट्ट्यांची (बेल्टची) किरकिर. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनात तर हा फरक गाडी उभी असतानाच ऐकू येतो. टर्बोची शीळ थोडी स्पष्ट होईल, आणि ती काहींना आवडते हे मान्य. पण तिच्यासोबत बाकीचा गोंगाटही सोसावा लागेल.

रंगाबाबत घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र काळजी घ्यावी. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत पक्का केलेला असतो, त्यामुळे अस्तर काढल्याबरोबर तो सोलून निघणार नाही. धोका आहे तो टर्बोच्या बरोबर वरच्या जागी. तिथे पुन्हा पुन्हा होणाऱ्या तापण्या-निवण्याने वरचा पारदर्शक थर वर्षागणिक निस्तेज होऊ शकतो. अपघातानंतर बॉनेट पुन्हा रंगवलेले असेल आणि आत पुट्टी भरलेली असेल, तर ही शक्यता वाढते. कार्बन फायबरचे बॉनेट बसवलेले असेल तर आणखी जपावे, कारण साध्या तापमानाला पक्के होणारे इपॉक्सी रेझिन १०० अंशांच्या खालीच मऊ पडू लागते. तरीही प्रयोग करायचाच असेल, तर अस्तर असताना आणि नसताना, दोन्ही वेळा सारखीच गाडी चालवून, ती थांबवल्यानंतर दहा मिनिटांनी टर्बोच्या वरच्या जागेचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे. दोन आकड्यांतला फरक पाहिला की निर्णय आपला आपल्यालाच घेता येईल.

केवळ ट्रॅकसाठी ठेवलेल्या गाडीचे गणित निराळे आहे. तिथे आवाजाची आणि रंगाची फिकीर नसते, इंजिनावर वारंवार काम करावे लागते आणि तेल शोषून घेऊ शकणारी कोणतीही वस्तू जवळ नसलेली बरी. तिथे अस्तर काढणे मला पूर्णपणे योग्य वाटते.

प्रश्न : माझ्या स्पोर्ट्स कारच्या बॉनेटचे अस्तर मधोमध लोंबू लागले आहे आणि त्यावर तेलाचे डाग पडले आहेत. नवे मिळेपर्यंत ते तसेच ठेवावे का? धुऊन वापरता येईल का?

उत्तर : तसेच ठेवू नये आणि धुऊ तर मुळीच नये. अस्तराचे मूळ साहित्य पेट न घेणारे असते, पण तेल, ब्रेक फ्लुइड किंवा पेट्रोल शोषल्यावर त्या गुणाचा काही उपयोग राहत नाही. शिवाय लोंबणारा भाग पट्ट्यात किंवा पंख्यात अडकू शकतो, नाहीतर थेट टर्बोवर टेकतो. ते आजच काढावे. काही आठवडे अस्तराविना गाडी चालवल्याने रंगाचे काही बिघडणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेल वरपर्यंत उडाले कुठून, हे शोधायला हवे. ते न शोधता नवे अस्तर बसवले, तर तेही तसेच माखेल.

काढताना इंजिन पूर्ण थंड असावे. क्लिपा स्क्रूड्रायव्हरने उचकटू नयेत. प्लॅस्टिकची चपटी पट्टी त्यांच्या डोक्याखाली सरकवून त्या सरळ ओढाव्यात. जुन्या क्लिपा उष्णतेने ठिसूळ झालेल्या असतात आणि काही तुटतातच, म्हणून नव्या आधीच आणून ठेवाव्यात. अस्तर काचतंतूंचे असेल तर त्याचे कण कातडीला, डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देतात. हातमोजे, चष्मा आणि मास्क वापरावा आणि एअर फिल्टरच्या तोंडावर कापड झाकावे.

बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी अस्तराचाच भाग समजून काही गॅरेजमध्ये तीही काढून टाकली जाते, याकडे कृपया लक्ष ठेवावे. इंजिनजवळची गरम हवा आणि धूर केबिनच्या हवेत मिसळू नयेत म्हणून ती पट्टी असते आणि ती कोणत्याही परिस्थितीत जागेवरच राहायला हवी.

प्रश्न : गाडी प्रदर्शनात मांडण्यासाठी चांगल्या स्थितीतले अस्तर काढून बॉनेटची आतली बाजू रंगवली आहे. काढलेले अस्तर ठेवून द्यावे का?

उत्तर : अवश्य ठेवावे. जुन्या मॉडेलचे अस्तर नवे मिळणे बंद होते, आणि मूळ भाग सोबत असलेली गाडी पुढच्या मालकाला अधिक विश्वासार्ह वाटते. त्याची घडी किंवा गुंडाळी करू नये. मोडलेले अस्तर पुन्हा सरळ बसत नाही. कोरड्या जागी, सपाट, उंदरांना शिरता येणार नाही अशा आवरणात ते ठेवावे आणि शाबूत क्लिपा पिशवीत भरून त्यालाच बांधाव्यात.