शनिवारी बंदूक घरी ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लायसन्स आलं, बंदूकही घेतलीस, आणि ‘काका, गीजना कधी जायचं?’ असे तुझे तीन मेसेज येऊन पडलेत. जाऊ. पण इथे कॅनडात, सॅस्कटूनच्या आसपास, गीजची म्हणजे रानहंसांची शिकार करताना बंदुकीचं काम तास-दोन तासांचं. त्याआधीचे दोन दिवस गाडीत आणि लोकांच्या दारात जातात. शिकारीच्या कोर्समध्ये हे फारसं शिकवत नाहीत, म्हणून लिहितोय.

गीज रात्र पाण्यावर काढतात. उजाडलं की कापणी झालेल्या शेतात सांडलेलं धान्य टिपायला जातात, दुपारी पाण्यावर परततात आणि उन्हं कलली की पुन्हा शेतात. म्हणून आपण दुपारी चारला निघायचं. इथले ग्रिड रोड पट्टी ठेवून आखल्यासारखे : उत्तर-दक्षिण रस्ता दर मैलाला, पूर्व-पश्चिम दर दोन मैलांना. थवा उठला की त्याचा अंदाज घेत रस्त्यारस्त्याने मागे जायचं. उतरला की लांबच थांबायचं, दुर्बीण काढायची, गाडीचं दार उघडायचं नाही. गाडीला ते बुजत नाहीत, माणसाला बुजतात.

शेत सापडलं एवढ्याने भागत नाही. वाटाण्याचं आहे, सातूचं की गव्हाचं, ते बघ. पक्षी नेमके कुठे चरतात तेही बघ : उंचवट्यावर, की मधल्या खोलगटात? इथे दोनशे पावलांची चूकसुद्धा नडते. सकाळी तुझ्या डोक्यावरून जाऊन ते कालच्याच जागी उतरतात आणि तू आपला त्यांना भुलवायला नकली गीज मांडून आभाळाकडे बघत बसतोस. उतरताना ते वाऱ्याला तोंड देतात, म्हणून उद्याचा वारा कुठला ते आधी पाहून ठेव. रस्त्याकडेच्या चरावर मोरी टाकून शेतात जायची वाट केलेली असते, तिला इथे अप्रोच म्हणतात. पहाटे अंधारात तीच शोधावी लागते. आणि शेवटचा थवा उठून कुठल्या पाण्यावर जातो, ते दिसेपर्यंत निघायचं नाही. त्या पाण्यावर मात्र कधीही बार टाकू नकोस. रात्रीच्या मुक्कामावरून हुसकावले तर पक्षी तो सगळा भागच सोडतात.

आता परवानगी. पूर्वी इथे पाटी नसलेल्या शेतात शिकारी सरळ शिरायचे. १ जानेवारी २०२२ पासून कायदा बदलला : सस्कॅचवान या आपल्या प्रांतात खासगी शेतात पाऊल टाकण्याआधी संमती हवीच. तोंडी चालते, मेसेजवरही चालते. मी मेसेज मागून घेतो, कारण एक भाऊ हो म्हणतो आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो. आपल्याकडे बांधावरून काय होतं ते तुला सांगायला नको.

मालक शोधायला रूरल म्युनिसिपालिटीचा नकाशा घे. त्यावर एकेका क्वार्टरवर, म्हणजे १६० एकरांवर, मालकाचं नाव असतं. पण कसणारा बऱ्याचदा वेगळाच असतो, आणि मालक शहरात राहतो. दोघांनाही विचार. शक्यतो दारात जाऊन विचार, आणि मित्रांची फौज घेऊन जाऊ नकोस. कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीचं यंत्र, चालू असेल तर हात करून थांबवू नकोस. कापणीत त्यांना मिनिटाचीही फुरसत नसते. धान्याच्या ट्रकपाशी उभा राहा, शेतकरी स्वतःच येईल. मग सरळ सांगायचं : नाव काय, कुठे राहतो, किती जण येणार, कुठल्या दिवशी, गाडी कुठे लावणार. तीन जण सांगून पाच नेलेस, तर पुढल्या वर्षी ते दार बंद.

माझी एक चूक सांगतो. पहिल्याच वर्षी एकाने आनंदाने हो म्हटलं. रात्रभर पाऊस झाला होता, तरी आळस करून मी पिकअप शेतात घातली. निघालो तेव्हा मागे गुडघाभर चाकोऱ्या. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मला ते कळायला हवं होतं! माफी मागायला गेलो, त्याने ऐकून घेतलं, पण त्या शेतात पुन्हा पाय ठेवू दिला नाही. तेव्हापासून ओल असली की नकली गीज पाठीवर वाहून नेतो. कोरडं असलं तर दुसरी भीती : तापलेल्या सायलेन्सरने धसकटं पेटतात. आणि टायरला चिकटलेली माती घेऊन या शेतातून त्या शेतात जायचं नाही. कॅनोला या इथल्या तेलबियांच्या पिकाच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट रोग मातीतूनच पसरतो, त्यामुळे चिखलाची गाडी दिसली की शेतकरी आधी टायर बघतो.

बोलायला विषय हवा असेल तर मसुराचा काढ. तुझ्या आईच्या डब्यातली मसूर कदाचित इथल्याच मातीतली असेल. पण तयारीने जा! नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या भारत सरकारने वाटाण्यावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, पुढच्याच महिन्यात मसुरावर ३० टक्के. ‘तुमच्या लोकांनी असं का केलं?’ हा प्रश्न मला एका शेतकऱ्याच्या अंगणात तासभर पुरला होता. मी आमच्याकडच्या तुरीच्या पडलेल्या भावाचं सांगितलं. शेवटी त्यानेच कॉफी आणली, आणि परवानगी मागायची राहूनच गेली. निघताना तोच म्हणाला, सकाळी पूर्वेकडच्या वाटेने जा.

नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. आभार मानायचे आणि निघायचं. हो म्हटलं तर शिकारीनंतर काडतुसांची रिकामी टरफलं शेवटच्या टरफलापर्यंत उचलायची, फाटक जसं होतं तसं ठेवायचं, आणि मांस हवं का ते विचारायचं. बहुतेक जण नको म्हणतात. दिवाळीत चिवड्याचा डबा नेऊन बघ, त्याला अजून कुणी नको म्हटलेलं नाही.

बिनशिशाची काडतुसं, बंदुकीत तीनच गोळ्या, केंद्राचं परमिट हे सगळं तुला ठाऊक आहे. ते मी परत उगाळत नाही.

शनिवारी दुपारी चारला माझ्याकडे ये. गाडीची टाकी भरून आण, दुर्बीण आण, चहाचा थर्मास मी घेतो. आईचा फोन आला तर पक्षी बघायला चाललोय म्हणून सांग. शनिवारपुरतं ते खरंच आहे.

तुझा,
काका