फुटक्या टाइल्स, सुरखी आणि सिमेंटची बचत

बाथरूमचं काम काढलंय. निघालेल्या टाइल्स कुटून गिलाव्यात थोड्या सिमेंटच्या जागी घातल्या तर? (नाशिक)

कुटून भागणार नाही. घणाखाली झालेला चुरा फक्त वाळूची जागा घेतो. सिमेंट पाण्याने घट्ट होताना त्यातून चुना सुटतो. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना त्या चुन्याशी हळूहळू जुळून बांधणारा पदार्थ तयार करतात. पण त्यासाठी भुकटी सिमेंटइतकी बारीक हवी, म्हणजे ९० मायक्रॉनच्या चाळणीतून जवळपास सगळी गळली पाहिजे. ते बॉल मिलचं, म्हणजे पोलादी गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपाचं काम आहे. मोरबीसारख्या टाइल्सच्या गावात कारखान्यातला टाकाऊ माल असा दळणं परवडेल. एका बाथरूमच्या मलब्यासाठी नाही.

आमच्या वाड्यात चुना-सुरखी वापरली आहे. ही तीच युक्ती ना? (वाई)

तीच. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. मुल्लपेरियार धरण (१८९५) चुना-सुरखीतच बांधलं. फरक भट्टीचा. साधारण ६०० ते ८०० अंशांवर भाजलेली माती चुन्याशी चटकन जुळते. व्हिट्रिफाइड टाइल १२०० अंशांच्या आसपास भाजतात. त्यात मुलाइटचे स्फटिक तयार होतात आणि ते चुन्याला दाद देत नाहीत. म्हणून माझं मत विटेच्या, कौलांच्या तुकड्यांकडे झुकतं. वाड्याच्या डागडुजीत मात्र सिमेंट घालूच नका. जुन्या भिंतीला चुनाच मानवतो.

प्रमाण किती ठेवावं? (छोटे कंत्राटदार, सोलापूर)

ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) असेल तर सिमेंटच्या वजनाच्या १० ते २० टक्के भुकटी. आधी गोणी वाचा. पीपीसी (राख मिसळलेलं पोर्टलँड सिमेंट) असेल तर त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, आधीच असते. वर सिरॅमिक घालणं म्हणजे पातळ ताकात पुन्हा पाणी. सुरुवातीची ताकद उशिरा येते, त्यामुळे पाणी मारण्यात कसूर नको. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून ७ आणि २८ दिवसांचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) तपासून घ्या आणि मगच मोठ्या कामाला हात घाला.

पिठाच्या गिरणीत दळून मिळेल का? (सातारा)

अजिबात नको. या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते. सिलिकोसिसला औषध नाही. तुकडे तसेच ठेवा. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा पाणीरोधक थर) करणार असाल, तर वरच्या चायना मोझॅकला, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या फरशीला, ते थेट उपयोगी पडतील.