वॉर्ड ऑफिसातला नट

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. वर माझ्यासाठी चार ओळी आणि खाली राजीनाम्याचा अख्खा मसुदा. ‘जन्म-मृत्यूच्या खिडकीत बसून दाखले देता देता माझ्यातला नट मरतो आहे’ असं एक वाक्य त्यात आहे. वाक्य बरं जमलंय, पण ते नगरपालिकेला कशाला कळवायचं? ते काय, त्याचीही नोंद करून घेतील.

‘परफेक्ट डेज’ हा जपानी सिनेमा पाहून झोप लागली नाही, असंही लिहिलंयस. तोक्योतले सार्वजनिक संडास साफ करणारा तो हिरायामा, म्हणजेच जपानी नट कोजी याकुशो. या भूमिकेसाठी २०२३ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, तेव्हा तो ६७ वर्षांचा होता. त्याची पहिली नोकरी मात्र तुझ्यासारखीच होती, हे तुला बहुधा ठाऊक नाही.

त्याचं खरं आडनाव हाशिमोतो. जन्म १ जानेवारी १९५६, नागासाकी प्रांतातल्या इसाहायात. तांत्रिक शाळेतून बाहेर पडल्यावर तो तोक्योत आला आणि चियोदा वॉर्डाच्या ऑफिसात चिकटला. चियोदा म्हणजे सम्राटाचा राजवाडा आणि संसद असलेला वॉर्ड. पण फाइल ती फाइलच, राजवाड्याशेजारी असली म्हणून काय झालं!

१९७६ साली त्याने रशियन लेखक गॉर्कीच्या ‘द लोअर डेप्थ्स’ या नाटकाचा जपानी प्रयोग पाहिला. त्यात तात्सुया नाकादाई होते. दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या ‘कागेमुशा’त आणि ‘रान’मध्ये पुढे दिसले तेच. त्या प्रयोगाने याकुशो हलला. ही गोष्ट सांगणारे इथून थेट कानला पोचतात. तू तसं करू नकोस. नाटक पाहिलं १९७६ला आणि नाकादाईंच्या शाळेत तो गेला १९७८ला. मधल्या दोन वर्षांवर कोणी सिनेमा काढणार नाही, पण मला तीच महत्त्वाची वाटतात. तू ‘परफेक्ट डेज’ पाहिलास शनिवारी आणि मसुदा पाठवलास सोमवारी.

नाकादाई आणि त्यांच्या पत्नीने काढलेल्या त्या शाळेचं नाव ‘मुमेइजुकु’, म्हणजे ज्यांचं अजून नाव झालेलं नाही त्यांची शाळा. त्या वर्षी आठशेच्या आसपास अर्ज आले आणि चौघांना घेतलं, असं सांगतात. शिष्याला रंगमंचावरचं नाव गुरूनेच दिलं: याकुशो. जपानीत ‘याकुशो’ म्हणजे सरकारी कचेरी! आमच्या नाटकाच्या ग्रुपात कोणी असं नाव ठेवलं असतं तर पोरगं रुसून घरी गेलं असतं. पण त्यात एक मेख आहे. ‘याकु’ हे अक्षर जपानीत नेमून दिलेल्या कामासाठी येतं आणि नाटकातल्या भूमिकेसाठीही तेच येतं. तुझ्या वाट्याला येणाऱ्या भूमिकांचा पैस मोठा असो, अशी गुरूची इच्छा त्या नावात होती. ज्या खिडकीतून सुटायचं होतं, तिचंच नाव कपाळावर घेऊन हा माणूस चाळीसहून अधिक वर्षं वावरतो आहे.

हे नाकादाईही काय चीज होते बघ. कुरोसावाच्याच ‘सेव्हन सामुराई’त, १९५४ साली, ते काही क्षणांसाठी दिसतात. गावात रस्त्यावरून चालत जाणारा एक सामुराई, बस. कुरोसावाने तेवढं चालणं सकाळपासून दुपारपर्यंत पुन:पुन्हा करून घेतलं. कारण त्यांना सामुराईसारखं चालताच येत नव्हतं. ज्याने असं चालणं शिकून घेतलं, तो पुढे शिष्यांना काय शिकवणार? डोळ्यांत पाणी आणायला नक्कीच नाही.

मग याकुशोच्या वाट्याला टीव्ही आला. १९८३ साली एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या वर्षभर चालणाऱ्या ऐतिहासिक मालिकेत, ‘तोकुगावा इएयासु’त, तो ओदा नोबुनागा हा इतिहासातला सरदार झाला आणि घराघरात पोचला. पुढे मियामोतो मुसाशी या नामांकित तलवारबाजाची भूमिका, मग तीन भटक्या तलवारबाजांची लोकप्रिय मालिका. शहाणे लोक अशा कामाला नाक मुरडतात, तूही ‘सीरियल करणार नाही’ असं लिहिलंयस. कोणी विचारलंय का तुला? सिनेमातलं मोठं काम त्याच्याकडे आलं ते चाळिशीला. १९९६चा ‘शॅल वी डान्स?’. रोज लोकलने घरी जाणारा हिशेब सांभाळणारा एक नोकरदार खिडकीत उभी असलेली बाई पाहतो आणि घरी न सांगता नाचाच्या क्लासला जातो. पुढच्याच वर्षी दिग्दर्शक इमामुरांचा ‘द ईल’, ज्याला कानचं सर्वोच्च पारितोषिक, पाम द’ओर, विभागून मिळालं. त्यात बायकोचा खून करून तुरुंगात गेलेला आणि सुटल्यावर न्हाव्याचं दुकान चालवणारा माणूस तो होता. त्याच साली कियोशी कुरोसावांच्या (हे कुरोसावा वेगळे) ‘क्युअर’मधला थकलेला डिटेक्टिव्ह. तिघांचेही चेहरे तू लोकलमध्ये शेजारी बघितले असशील. तसलं माणूस चेहऱ्यावर आणायला खिडकीच्या आतली चार वर्षं उपयोगी पडली असणार, असा माझा तर्क आहे. पुरावा मागू नकोस.

आता हिरायामाचे हात आठव. आरशाचा छोटा तुकडा घेऊन तो भांड्याच्या कडेखाली, जिथे कोणी बघणार नाही तिथे बघतो. त्याचा तरुण जोडीदार म्हणतो की एवढं घासून काय होणार, परत घाणच होणार आहे. हिरायामा उत्तर देत नाही, घासत राहतो. हे काम याकुशो खऱ्या सफाई कामगाराकडून शिकला. पहिला बराच वेळ त्याच्या तोंडी जवळजवळ संवाद नाहीत, तरी आपण हलत नाही. का? कारण तो ‘साधा माणूस’ दाखवायला गेलेलाच नाही, संडास साफ करतो आहे. आणि त्याच वर्षी ‘विवान्त’ नावाच्या टीव्ही मालिकेत हाच माणूस एका दहशतवादी संघटनेचा म्होरक्या होता. भूमिकांचा पैस म्हणतात तो हा.

माझीही एक फजिती सांगतो. मी बँकेत क्लार्क होतो तेव्हा एका नाटकात मला कारकुनाचंच काम मिळालं. तीन प्रवेशांत टेबलाशी बसून लिहीत राहायचं, वाक्य एकही नाही. मी इतका कारकून ‘दाखवला’, इतका चष्मा पुसला आणि पेन झटकलं, की तिसऱ्या प्रयोगाला दिग्दर्शकाने माझं टेबल विंगेकडे सरकवलं. पाचव्याला टेबल राहिलं, मी गेलो. दिवसभर जे काम मी न बघता करत होतो, ते रात्री मला येईना. बँकेत जाऊन स्वत:चे हात बघावेत, हे मला फार उशिरा सुचलं.

तेव्हा महिनाभर एवढंच कर. बाप गेल्यावर दाखल्याला आलेला मुलगा फॉर्मवर बापाचं नाव कुठल्या गतीने लिहितो ते बघ. बाळाच्या नावाचं स्पेलिंग तिसऱ्यांदा तपासणारी आजी बघ. शिक्का मारताना तुझा स्वत:चा खांदा काय करतो तेही. घरी येऊन त्यातलं एक करून बघ, आरशाशिवाय, आणि त्यावर कविता करू नकोस. एकांकिकेच्या तालमी संध्याकाळी असतातच. या राज्यातल्या कितीतरी नाटकांनी पाच वाजता सुटणाऱ्या माणसांवर दिवस काढले आहेत. कुठे निवड झाली, शिकवणारं कोणी भेटलं, की राजीनाम्याचं मी स्वत: लिहून देईन, दोन ओळींत.

रविवारी ये. ‘शॅल वी डान्स?’ आवाज बंद करून बघू, मग आवाजासकट. येताना कोरा जन्मनोंदणीचा फॉर्म आण, मला त्यावर कोणी कुठे अडखळत असेल ते बघायचंय. आणि तो मसुदा वडिलांच्या नजरेस पडू देऊ नकोस.

तुझा,
काका