नोंदवहीतील संशोधन कोणी करायचे?

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यात क्षयरोग कार्यक्रमात काम करतो. दर महिन्याला अहवाल वर जातो, पण द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे गेलेल्या रुग्णांचे औषध मध्येच सुटते, हे काही थांबत नाही. ‘ऑपरेशनल रिसर्च’ने असे प्रश्न सुटतात, असे एका बैठकीत ऐकले. ते आमच्यासारख्यांनी करायचे की तज्ज्ञांनी? त्याचे प्रशिक्षण कसे असते?
— एक वाचक, सुरगाणा

उत्तर : ते आपणच करावे, कारण प्रश्न आपल्याला पडला आहे आणि नोंदवहीही आपल्याकडेच आहे. नवे औषध गुणकारी आहे की नाही, हे या संशोधनात तपासत नाहीत. जे औषध गुणकारी आहे हे ठाऊक आहे, ते रुग्णापर्यंत सहा महिने सलग का पोहोचत नाही, एवढेच शोधतात.

‘स्थलांतरामुळे उपचार खंडित होतात का’ हा प्रश्न मात्र फार मोघम आहे. द्राक्षवेलींच्या गोडी छाटणीच्या (फळ धरण्यासाठी होणाऱ्या छाटणीच्या) ऑक्टोबर महिन्यात औषध सलग महिनाभर सुटलेले रुग्ण इतर महिन्यांपेक्षा जास्त आहेत का, आणि त्यांच्यापैकी किती जणांची नोंद दुसऱ्या तालुक्याकडे वर्ग झाली होती, असे विचारले की उत्तर नोंदींत शोधता येते. तेव्हाच बहुधा असेही दिसेल की औषध सुटल्याची तारीख लिहिलेली आहे, पण रुग्ण कुठे गेला हा रकानाच कोरा आहे. माझ्या मते तो कोरा रकाना हासुद्धा एक निष्कर्षच आहे.

या पद्धतीने धोरण बदलल्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. 2012 मध्ये निवडक केंद्रांत 8 हजारांहून अधिक क्षयरुग्णांची मधुमेहासाठी नेहमीच्याच यंत्रणेतून तपासणी झाली आणि सुमारे 13 टक्क्यांना मधुमेह आढळला. पुढे ही तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. धोरण ठरवणारे अधिकारी त्या कामात आरंभापासून सहभागी होते, हे मला आकड्यांहून महत्त्वाचे वाटते. आपणही जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना निष्कर्ष दाखवायला नव्हे, तर प्रश्न ठरवतानाच सोबत घ्यावे.

प्रशिक्षणाचे म्हणाल, तर 2009 मध्ये सुरू झालेला ‘सॉर्ट इट’ हा अभ्यासक्रम यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात आराखडा, माहितीची नोंद व विश्लेषण, आणि लेखन असे टप्पे असून, ठरलेले काम मुदतीत न दिल्यास पुढच्या टप्प्यात प्रवेश मिळत नाही. माहिती भरण्यासाठी ‘एपिडेटा’ ही विनामूल्य संगणकप्रणाली वापरतात. एकच नोंद दोनदा भरून चुका पकडणे ही तिथली शिस्त उपयोगी आहे.

आरंभ करताना जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाचे साहाय्य घ्यावे. जुन्याच नोंदी वापरायच्या असल्या तरी नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी आणि विश्लेषणाच्या तक्त्यात रुग्णांची नावे व पाड्यांचा उल्लेख ठेवू नये, कारण लहान पाड्यात गावाच्या नावावरूनही माणूस ओळखला जातो.